आरव्ही घेतली की रोज रस्ता का चुकतो, आणि चुकल्यावर काय करायचं

इकडे अमेरिकेत भारतातून आई-बाबा आले, मुलांच्या शाळा सुटल्या की आमच्या ओळखीतलं एक तरी घर आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतं. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस अशी राष्ट्रीय उद्यानं. परत आल्यावरची तक्रारही ठरलेली: "सगळं छान झालं रे, पण रोज कुठेतरी भलतीकडेच जात होतो." कुणी कॅम्पग्राउंडला रात्री दहाला पोचलेलं असतं, कुणाला कच्च्या रस्त्यावरून पंधरा मैल उलटं यावं लागलेलं असतं, कुणाच्या छतावरचा एसी पेट्रोल पंपाच्या मांडवाला घासलेला असतो. गंमत अशी, की हीच माणसं आपली नेहमीची गाडी घेऊन, तोच फोन समोर लावून, अर्धी अमेरिका हिंडतात आणि कुठेही चुकत नाहीत.

म्हणजे दिशा कळत नाही अशातला भाग नाही. फोनला तुम्ही कुठे आहात हे बऱ्यापैकी नेमकं कळतं, पण तुम्ही केवढे आहात याचा त्याला पत्ता नसतो. तो तुम्हाला पाच माणसांची छोटी गाडी समजूनच रस्ता देतो. त्यामुळे आरव्हीत बहुतेक वेळा आधी रस्ता चुकत नाही. आधी फोनने दिलेला रस्ता 'बरोबर' असतो, तो गाडीला झेपत नाही, आणि मग घाईघाईत जे काही केलं जातं त्यात खरी चूक होते. पहिल्या वळणाने दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांची भरपाई करायला घेतलेलं दुसरं वळण महागात पडतं.

आधी माप

भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक आरव्ही 'क्लास सी' प्रकारच्या असतात: पुढे व्हॅनची केबिन, तिच्या डोक्यावर पलंग. लांबी साधारण २५ ते ३० फूट, उंची एसी धरून १२ फुटांच्या आगेमागे, रुंदी आठ फुटांहून थोडी जास्त आणि आरसे वेगळे. बससारख्या सपाट तोंडाच्या 'क्लास ए' याहून उंच. हे आकडे भाड्याच्या कागदात असतात, केबिनमध्येही कुठेतरी चिकटवलेले असतात. पण पुलाची पाटी दिसल्यावर विचाराला चार सेकंद मिळतात आणि तेवढ्यात कागद कुणी शोधत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेतली की रंगकामाची कागदी चिकटपट्टी घ्यायची, त्यावर जाड मार्करने उंची लिहायची आणि स्पीडोमीटरच्या वर चिकटवायची. आमची पट्टी अशी असते: "१२ फू. ३ इं. – वर बघ." दुसऱ्या ओळीत मीटर: ३.७३. कॅनडात बॅन्फकडे जाणार असाल तर ही दुसरी ओळ लागतेच, कारण तिकडच्या पाट्या मीटरमध्ये असतात.

कागदावरच्या उंचीत एसी आणि अँटेना धरलेत का, हे गाडी देणाऱ्या माणसाला तोंडी विचारा. छताला झालेलं नुकसान बऱ्याच भाडेकरारांत विम्याबाहेर असतं. तो परिच्छेद सही करायच्या आधी वाचावा.

फोनमध्ये काय बदलायचं

गूगल मॅप्समध्ये गाडीची उंची भरायची सोय नाही, हे एकदा मान्य केलं की बाकीचं सोपं आहे. २०२१ पासून अमेरिकेत ते आणखी एक करतं: वेळेत फारसा फरक नसेल तर कमी इंधन लागेल असा रस्ता आपणहून पुढे करतं. छोट्या गाडीला हे उत्तम. आरव्हीला त्यातून गावातली गल्ली किंवा डोंगरातला शॉर्टकट वाट्याला येऊ शकतो. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करा. दुसरं, चालू प्रवासात "अमुक मिनिटं वाचतील" अशी चौकट पडद्यावर येते. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर काही वेळा फोन तो नवा रस्ता स्वतःच घेतो. बाजूला बसलेल्याने ती चौकट आली की लगेच 'नको' म्हणायचं, हे त्याचं कामच समजा.

खरा उपाय मात्र मधले थांबे घालण्याचा आहे. निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण एवढंच दिलं की मधलं सगळं फोनच्या मर्जीवर. मोठ्या हायवेवरची दोन-तीन गावं थांबे म्हणून घातली की त्याचे हात बांधले जातात. आदल्या रात्री कॅम्पग्राउंडच्या वायफायवर हे दहा मिनिटांचं काम आहे.

आरव्हीसाठीची वेगळी साधनं आहेत: गार्मिनची आरव्ही मॉडेलं, आरव्ही लाइफचं ॲप. त्यांत उंची, लांबी, वजन, गाडीत प्रोपेन (स्वयंपाकाचा गॅस) आहे का, ही माहिती भरता येते. वरचेवर जाणाऱ्यांनी ती घ्यावीत. आठवड्याच्या एका सहलीसाठी मी तरी घेणार नाही. तीही सगळं सांगत नाहीत, आणि ती लावली की माणूस पाट्या वाचायचं सोडून देतो.

पोचायचं ठिकाण नेमकं टाका. "डेथ व्हॅली नॅशनल पार्क" एवढंच टाइप केलं तर खूण उद्यानाच्या पोटात कुठेतरी पडते आणि फोन तिथवर जाणारी जी काही वाट असेल ती दाखवतो. व्हिजिटर सेंटरचं किंवा कॅम्पग्राउंडचं पूर्ण नाव टाका. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम आणि नॉर्थ रिम समोरासमोर दिसतात, हवेतून दहा मैल; गाडीने मात्र दोनशेहून जास्त मैल आणि साडेचार-पाच तास. झायनचा कोलोब कॅन्यनचा भागही असाच वेगळा आहे, त्याचं दार इंटरस्टेट १५ या आंतरराज्य महामार्गावर आहे. कॅम्पग्राउंडचं बुकिंग कुठल्या बाजूचं, हे बुकिंग करणाऱ्यालाच एकदा विचारून घ्या. ते बहुतेक घरांत एकाने केलेलं असतं आणि गाडी दुसरा चालवत असतो.

लक्षण पहिलं: "बरेच मैल वाचत होते, म्हणून घेतला"

हे सविस्तर सांगतो, कारण आमच्या ओळखीतले सगळ्यांत जास्त लोक इथेच अडकतात.

ॲरिझोनातलं पेज पाहून झालं, अँटिलोप कॅन्यनचे फोटो झाले, उद्या ब्राइस. नकाशा पाहिला तर ब्राइस जवळजवळ डोक्यावरच. हायवे ८९ मात्र पश्चिमेला कॅनबपर्यंत जातो, तिथून उत्तरेला माउंट कार्मेल जंक्शन, मग हॅच, मग युटा १२ या राज्यमार्गावर उजवीकडे. दीडशे मैलांच्या आसपास. आणि कॅनबच्या बऱ्याच आधी उजव्या हाताला एक रस्ता फुटतो, कॉटनवुड कॅन्यन रोड. तो सरळ उत्तरेला, सुमारे ४६ मैलांत, ब्राइसच्या शेजारच्या कॅननव्हिलला निघतो. नकाशावर पाहिलं तर कुणालाही मोह होईल.

हा रस्ता कच्चा आहे. सुरुवातीला रुंद, सपाट, छान वाटतो. तिथे उभं राहून "एवढा तर आपल्या गावचाही चांगला नाही" असं म्हणणारी माणसं भेटतात. पुढे तो ओढ्याच्या कडेने, चढ-उतारांतून जातो. मातीत चिकणमाती आहे, आणि ती कोरडी असेपर्यंतच रस्ता. सर पडून गेल्यावर त्या मातीवर उतरून पाहा: चार पावलांत बुटाच्या तळाला इंचभर थर बसतो, पुढच्या चार पावलांत तो थर बुटाहून रुंद होतो, आणि काडीने खरवडला तरी सुटत नाही. हेच टायरचं होतं. नक्षी भरून गेली की सहा टनांची गाडी उताराच्या बाजूला आपणहून सरकायला लागते. तिथे फोनला सिग्नल नाही, आणि टो करणारा आलाच तर तो वाळवंटातून येण्याचे पैसे घेतो. शिवाय कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही, हे बहुतेक भाडेकरारांत लिहिलेलं असतं; म्हणजे विमाही गेला.

उपाय: कॅनब आणि माउंट कार्मेल जंक्शन हे दोन थांबे घाला. ओळखायची खूणही सोपी आहे. फोनने दिलेलं अंतर पाटीवरच्या अंतरापेक्षा खूप कमी असेल, पण वेळ मात्र त्या मानाने कमी होत नसेल, तर मधे डांबर नाही किंवा घाट आहे असं समजायचं. ४६ मैलांना दोन तास सांगतोय, तर का सांगतोय, हा प्रश्न विचारायचा.

दुसरं उदाहरण मोकी डगवेचं. मेक्सिकन हॅट गावाजवळ युटा २६१ या क्रमांकाचा, नकाशावर सरळ राज्यमार्ग म्हणून दिसणारा रस्ता मधेच तीन मैल खडीचा होतो आणि ११ टक्के चढाने कड्यावर चढतो. २८ फुटांहून लांब किंवा १०,००० पौंडांहून जड गाड्यांनी तिथे जाऊ नये, असं राज्याचंच सांगणं आहे. मॉन्युमेंट व्हॅलीहून नॅचरल ब्रिजेसला जाताना फोन हाच रस्ता सुचवतो. ब्लँडिंगवरून फिरून जा.

लक्षण दुसरं: नंबर तोच, शेपटीला 'ए'

अमेरिकेत हायवेच्या क्रमांकापुढे 'ए' असला की तो पर्यायी रस्ता. दरवेळी तो वाईट असतो असं नाही, पण आरव्हीवाल्याने तो दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा.

माउंट रशमोर पाहून यलोस्टोनला जाणाऱ्यांना वायोमिंगमधली बिगहॉर्नची डोंगररांग ओलांडावी लागते. रस्ते तीन: १४ ए, १४ आणि १६. पैकी १४ ए ला १० टक्क्यांचा उतार आहे. छोट्या गाडीला तो प्रेक्षणीय, आरव्हीला ब्रेक तापवणारा. आई-बाबा सोबत असतील तर मी डोळे मिटून १६ घ्या म्हणतो: बफेलोहून पावडर रिव्हर पास, ९,६६६ फूट, मग टेन स्लीप. उंची काही कमी नाही, पण वळणं मोकळी आणि चढ समजूतदार. फोनला मात्र या तिघांत मिनिटांपलीकडे काही फरक दिसत नाही.

रशमोरच्या परिसरातच १६ ए आहे, आयर्न माउंटन रोड. खडकात कोरलेले अरुंद बोगदे आणि स्वतःभोवती पीळ घेत चढणारे लाकडी पूल. शेजारच्या नीडल्स हायवेवरचा एक बोगदा तर जेमतेम आठ फूट रुंद. दोन्ही रस्ते बघण्यासारखे आहेत, पण आरव्ही कॅम्पग्राउंडला लावून, भाड्याच्या छोट्या गाडीने. आरव्हीने जायचं तर हिल सिटीवरून.

ॲरिझोनातलं ८९ ए: सेडोनाहून फ्लॅगस्टाफला ओक क्रीक कॅन्यनमधून चढणारं. वरच्या टोकाला एकाला एक लागून वळणं. याच नंबरचा रस्ता पुढे जेरोमवरून प्रेस्कॉटकडे जातो, तो तर घाटच. सेडोनाला इंटरस्टेट १७ वरून १७९ ने आत शिरा आणि त्याच वाटेने बाहेर पडा.

लक्षण तिसरं: दारापाशी जाऊन परत

रस्ता अगदी बरोबर, गाडीच नियमात बसत नाही. झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० सालचा, १.१ मैल लांब, त्या काळच्या गाड्यांच्या मापाचा. पूर्वी १५ डॉलर भरले की रेंजर समोरची वाहतूक थांबवून मोठी गाडी मधोमध सोडत. उद्यानाच्या नव्या नियमाप्रमाणे ७ जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांहून उंच, ७ फूट १० इंचांहून रुंद किंवा ३५ फूट ९ इंचांहून लांब गाड्यांना तो रस्ताच बंद. म्हणजे भाड्याची जवळपास प्रत्येक क्लास सी बाद. जुने ब्लॉग आणि व्हिडिओ अजून १५ डॉलरचीच गोष्ट सांगतात, त्यावर विसंबू नका. ब्राइसहून स्प्रिंगडेलला जायचं तर उत्तरेला युटा २० घेऊन इंटरस्टेट १५, किंवा दक्षिणेला कॅनब, फ्रेडोनिया करत हरिकेन. दोन्हींत वेळ जातो. तो आधीच धरलेला असला की चुकल्यासारखं वाटत नाही.

ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा आरसे धरून ८ फुटांहून रुंद गाडी चालत नाही. इथे भाड्याच्या आरव्हीला वावच नाही. पार्कच्या शटलची तजवीज आधी करा.

पूर्वेकडच्या मंडळींसाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या परिसरातल्या 'पार्कवे' म्हणवणाऱ्या रस्त्यांवर जुने बुटके पूल आहेत. नावात पार्कवे दिसला की आरव्हीने तो आपला नाही असंच समजावं. बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवर दर सप्टेंबरला, विद्यार्थी घरं बदलतात तेव्हा, सामानाचे ट्रक पुलाखाली अडकतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहमचा ११ फूट ८ इंचांचा रेल्वेपूल तर जगप्रसिद्ध. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलला, तरी ट्रक आपटायचे थांबले नाहीत.

बाल्टिमोरची गोष्ट वेगळी आहे, आणि न्यू जर्सीहून व्हर्जिनियातल्या शेनांडोआ उद्यानाला जाणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. तिथल्या बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही, आणि आरव्हीची टाकी त्याहून मोठीच असते. पूर्वी अशा गाड्या इंटरस्टेट ६९५ वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ ला 'दाली' नावाचं मालवाहू जहाज आदळून तो पूल कोसळला. तेव्हापासून ६९५ चा पश्चिमेकडचा, लांबचा वळसा घ्यावा लागतो. छोट्या गाडीच्या सवयीने फोन तुम्हाला बोगद्यातच नेतो.

वळण चुकलं. आता?

पहिली गोष्ट: गाडी चालू ठेवा. एक्झिट सुटला तर सुटला. शेवटच्या क्षणी पट्टे कापून आत घुसणं, रस्त्याच्या कडेला थांबून नकाशा बघणं, "इथेच यू-टर्न मारू" म्हणणं, या तिन्हींपैकी काही करायचं नाही. फोन लगेच "पुढच्या उजवीकडे वळा" म्हणू लागतो, कारण त्याला तुम्हाला लवकरात लवकर मूळ रस्त्यावर आणायचं असतं. ती पुढची उजवी बहुधा कुठल्यातरी वसाहतीत शिरते, आणि वसाहत बंद गोल चौकात संपते. तीस फुटांची गाडी तिथे एका फेरीत वळत नाही.

म्हणून मोठ्या रस्त्यावरच पुढे जा, ट्रक जिथे थांबतात तिथपर्यंत. लव्ह्ज, पायलट फ्लाइंग जे असे ट्रक स्टॉप, मोठ्या दुकानाचं मोकळं मैदान, वजनकाटा, रेस्ट एरिया. तिथे हँडब्रेक ओढून शांतपणे नकाशा उघडा. पाच-सहा मैल जास्त झाले तर झाले. क्लास सी गॅलनला आठ-दहा मैल देते, म्हणजे जेमतेम गॅलनभर पेट्रोल. आरसा किंवा बंपर याहून कितीतरी महाग.

पेट्रोल भरायला शिरताना बाहेर कसं पडायचं ते आधी बघा, मग शिरा. पंपाच्या मांडवावर उंची लिहिलेली असते, नसेल तर शिरू नका. वळताना मागचं टोक उलट्या बाजूला झुलतं. पंपाजवळचे पिवळे खांब त्यासाठीच असतात आणि त्यांच्यावर सगळ्या रंगांचे ओरखडे दिसतात.

मागे छोटी गाडी चारही चाकांवर ओढत असाल तर रिव्हर्स हा पर्यायच नाही. ओढलेल्या गाडीची पुढची चाकं आडवी होतात आणि जोडणीचा दांडा वाकतो. आधी गाडी सोडवायची, मग दोन्ही वेगवेगळ्या फिरवायच्या.

रिव्हर्स घ्यायचाच तर एकाने खाली उतरायचं, आणि एकानेच. सासरे एका बाजूने "येऊ द्या, येऊ द्या", मुलगा दुसऱ्या बाजूने "स्टॉप" आणि बायको खिडकीतून "अहो, झाड!" हे दृश्य प्रत्येक कॅम्पग्राउंडवर बघायला मिळतं. उतरणाऱ्याने ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं, कारण विचारायचं नाही. अंधार असेल तर दोघांनी एकमेकांना फोन लावून स्पीकरवर ठेवा. ओरडण्यापेक्षा बरं, आणि शेजारचे झोपलेले असतात.

पुलाखाली शिरण्याआधी शंका आली तर थांबा, धोक्याचे दिवे लावा, ९११ ला फोन करा आणि मागची वाहतूक पोलिसांनी थांबवेपर्यंत हलू नका. मागे हॉर्न वाजतील. वाजू द्या.

शहरात एक्झिट सुटू नये म्हणून उजवीकडून दुसरी लेन धरा. अगदी उजवीकडची लेन सारखी कुठेतरी बाहेर पडत असते. पाटीच्या खाली पिवळ्यावर काळ्या अक्षरांत 'एक्झिट ओन्ली' असेल तर ती लेन तुम्हाला घेऊनच जाणार. तीन आकडी इंटरस्टेटचा पहिला आकडा सम असेल तर तो बहुधा शहराला वळसा घालून परत मूळ हायवेला मिळतो, विषम असेल तर शहरात शिरून संपतो. आरव्हीला पहिला हवा.

बाजूच्या सीटवरच्या माणसाचं काम फोन बघण्याचं कमी आणि पाट्या वाचण्याचं जास्त. आमच्याकडे हे काम आईकडे असतं. तिला इंग्रजी जेवढ्यास तेवढं, पण पिवळ्या पाट्यांना भाषा फारशी लागत नाही. "अरे, त्रिकोणावर ट्रक उतरतोय, खाली सहा लिहिलंय" म्हटलं की मी गिअर खाली घेतो. टो-हॉलचं (उतारावर गिअर खाली धरून ठेवणारं) बटण असेल तर ते उतार सुरू व्हायच्या आधी दाबायचं, ब्रेकचा वास आल्यावर नव्हे.

वळसा तुमचा नाही, रस्त्याचाच आहे

काही वळशांना इलाज नाही. जून २०२४ मध्ये, ऐन मोसमात, वायोमिंगमधल्या टेटन पास या घाटातला रस्ता दरड खचून तुटला आणि जॅक्सनला आयडाहोकडून येणारे जवळपास तीन आठवडे स्वान व्हॅली आणि अल्पाइनकडून फिरून येत होते. २०१३ मध्ये पेजच्या दक्षिणेला हायवे ८९ खचला, तो दोन वर्षांनी पूर्ववत झाला. कॅलिफोर्नियातला हायवे १ बिग सर भागात २०१७ च्या दरडीने वर्षाहून अधिक काळ तुटलेला होता. योसेमिटीचा टायोगा रोड साधारण नोव्हेंबर ते मे-जून बंदच असतो.

यासाठी ५११. हा रस्त्यांच्या माहितीचा क्रमांक आहे आणि बहुतेक राज्यांत चालतो. राज्याच्या परिवहन खात्याच्या साइटवर तीच माहिती नकाशासकट असते. राज्य बदललं की सकाळी चहाबरोबर एकदा बघून घ्या. नारिंगी पाटीवर वळसा दाखवला असेल तर ट्रकसाठी वेगळी पाटी आहे का ते शोधा, आणि असेल तर ट्रकांच्या मागे जा. छोट्या गाड्यांचा वळसा गावातून जातो. बर्फ पडणाऱ्या काळात टेटन पासवर ट्रेलरला बंदी असते आणि उन्हाळ्यातही तिथला चढ १० टक्क्यांचा आहे. म्हणून २०२४ मध्ये लोक ज्याला वळसा म्हणत होते, तो आरव्हीवाल्यांनी एरवीही घ्यावा असा रस्ता आहे.

सिग्नल गेला

नेवाडा, युटा, वायोमिंगमध्ये तासन् तास सिग्नल नसतो. निघायच्या आधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, तोही दोघांच्या फोनवर. त्यात वाहतूक आणि बंद रस्ते दिसत नाहीत. कागदी नकाशा राज्याच्या सीमेवरच्या वेलकम सेंटरमध्ये फुकट मिळतो. तो घ्याच. त्यावर हायवे जाड रेघेचा आणि कच्चा रस्ता तुटक रेघेचा असतो, हा फरक फोन दाखवत नाही.

डेथ व्हॅलीचं नॅशनल पार्क स्वतःच सांगतं की तिथे जीपीएसवर विसंबू नका. उन्हाळ्यात तर तिथे आरव्ही न्यायलाच बऱ्याच भाडेकरारांत मनाई असते.

इंटरस्टेट ७० वर युटातल्या ग्रीन रिव्हर ते सलायना या शंभराहून जास्त मैलांत एकही पंप नाही. अर्धी टाकी झाली की भरा, ही सवय इथे उपयोगी पडते. दुसरा फायदा: जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि पाव टाकीच्या खाली गेलं की तो बंद पडतो. वाटेत अडकून पडलात तर एसी त्याच्यावरच आहे.

वेळही चुकते

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नावाहो नेशन, म्हणजे तिथल्या मूळनिवासी नावाहो लोकांचा स्वायत्त प्रदेश, करतं. पेज ॲरिझोनाच्या वेळेवर, शेजारची नावाहो हद्द आणि युटा एक तास पुढे, आणि फोन जो टॉवर पकडेल त्याची वेळ दाखवतो. अँटिलोप कॅन्यनची बुक केलेली टूर अशी हुकते, आणि मग पुढचा सगळा दिवस घाईत जातो. हातात साधं घड्याळ घाला, ते फोनच्या भानगडीत पडत नाही. टूरची वेळ कुठल्या घड्याळाची, हे चालकांना आदल्या दिवशी विचारा.

फोनने चार तास सांगितले की मी पाच धरतो, डोंगर असेल तर साडेपाच. उजेड असताना पोचायचं, हा एक नियम पाळला तर वरच्या अर्ध्या तक्रारी उद्भवत नाहीत, कारण चुकीचं दुसरं वळण माणूस अंधार पडायला लागल्यावरच घेतो.

पोचणं जमणारच नसेल तर

संध्याकाळी सहा वाजता हे कबूल करायचं, दहाला नाही. कॅम्पग्राउंडला फोन करा. खासगी ठिकाणी उशिरा येणाऱ्यांसाठी ऑफिसच्या दारावर नावाचं पाकीट लावून ठेवतात, त्यात जागेचा क्रमांक आणि नकाशा असतो. सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये बुकिंगची जागा बहुधा रात्रभर तुमच्या नावावर राहते, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत पोचला नाहीत तर ती जाऊ शकते. नियम बुकिंगच्या पानावर असतो.

जवळच थांबायचं तर काही वॉलमार्ट रात्रभर गाडी लावू देतात. हे त्या-त्या दुकानाच्या मॅनेजरवर आणि गावाच्या नियमावर अवलंबून असतं, म्हणून आत जाऊन विचारा आणि विचारता विचारता दूध-ब्रेड घ्या. रेस्ट एरियात रात्र काढायला काही राज्यांत परवानगी आहे, काहींत तासांची मर्यादा. पाटी लावलेली असते. पश्चिमेकडे बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, पण तिथे जायचा रस्ता बहुधा कच्चाच असतो, तेव्हा अनोळखी जागी अंधारात तिकडे वळू नका. वॉलमार्टच्या आवारात थांबलात तर कडेला लावा, स्लाइड-आउट (गाडीच्या बाजूने बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बाहेर काढू नका, खुर्च्या मांडू नका, आणि सकाळी दुकान भरायच्या आत निघा.